दादाचं अनुराधापूर

बाबा, आज मी अनुराधापूरला जाऊन आले. तुम्ही वारलात त्याला इतकी वर्षं झाली, तरी काही पाहिलं की आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं.

आम्ही दोघं गाडी ठरवून लंका फिरतो आहोत. कोलंबोत भारतीय शांतिसेनेच्या स्मारकावर दादाचं नाव सापडलं, काळ्या दगडात, इंग्रजीत कोरलेलं. तुमचे जावई फोटो काढायला लागले तर मी त्यांच्यावर खेकसलेच. पुढे एका युद्धसंग्रहालयात गेलो. पोरं तोफांवर चढून हसत होती, आणि काचेआड कुणाचे तरी बूट ठेवले होते. कुणाचे, ते लिहिलं नव्हतं. माझ्याच्यानं तिथे थांबवेना.

सत्त्याऐंशी सालचा पावसाळा आठवतो. तुम्ही आपल्या मूल गावच्या राइस मिलमधून कोंड्यानं पांढरे होऊन आला आहात. दादाला सुटीतूनच पलटणीत परत बोलावलंय आणि तो जेवत नाहीये.

"बाबा, लंकेले धाडून राह्यले म्हन्तेत. मन नाई होत."

छप्पन साली चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले तुम्ही, तुमचा चेहरा कसा उजळला होता! "काऊन रे? बुद्धाचा देश हाय थो. तिथी कोन मारन तुले? अनुराधापूरले जाजो, बोधिवृक्षाले माह्या नावानं फूल वाहाजो."

दादा लंकेला गेला. मिलमधले हमाल चिडवायचे, "भाऊ, पोट्टं रावनाच्या लंकेत धाडलं का?" तुम्ही उसळायचात, "रावनाची नाई, बुद्धाची हाय!"

धान कापणीला आलं आणि दादा लढाईत गेल्याची तार आली. त्यानंतर तुम्ही एकच वाक्य बोलायचात, "म्याच धाडलं त्याले." अन्न तोंडात फिरायचं, गिळवत नव्हतं. आई तुमच्यापुढे ताट ठेवून रडायची.

मग त्याच्या पलटणीतला एक जवान त्याची पेटी घेऊन आला. गोळी कुठे लागली, कशी लागली, काही विचारलं नाहीत तुम्ही. एवढंच विचारलंत, "अनुराधापूरले गेल्ता का थो?" जवानानं आईकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "गेलो होतो ना काका, दोघंबी. त्यानं तुमच्या नावानं फूल वाह्यलं." तुम्ही दुपट्ट्यात तोंड खुपसून हंबरडा फोडलात, आणि त्या दिवशी पोटभर जेवलात. पुढे मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलात, "पोरगा गेला, पन वंदना झाली त्याची."

आज बोधिवृक्षापाशी पांढऱ्या कपड्यांतली माणसं शांत बसली होती. दादा कुठे उभा राहिला असेल, ते मी शोधत होते. आमचा ड्रायव्हर म्हातारा आहे, त्या लढाईच्या काळात तो इथेच राहायचा. मी त्याला विचारलं, आपले जवान कोणत्या दारानं येत असत? तो म्हणाला, "इथे कसे येतील बाई? ते उत्तरेत उतरले, तिथेच लढले. तिथून इकडे यायला त्यांना वाटच नव्हती." मी पुन्हा पुन्हा विचारलं. तो बिचारा माझीच माफी मागायला लागला.

बाबा, दादानं हे झाड पाहिलंच नाही. एवढ्या जवळ येऊन नाही पाहिलं. माझं काळीज फाटून गेलं.

मूलला परतल्यावर हे पत्र तुमच्या फोटोपुढे वाचायचं ठरवलं होतं. आता नाही वाचणार. मेल्यावर मागे आत्मा-बित्मा काही उरत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत, आणि मला ते पटतंही. तरी तुमच्या कानावर हे जाऊ नये म्हणून मी कागद फाडते आहे.