दारात जाऊन दिलेल्या नोटिसा

आप्पा, काल बेळगावच्या कोर्टात माझी नादारीतून सुटका झाली. वडगावातले माग विकूनही लोकांचं देणं फिटलं नव्हतं. ते आता कुणी मागू शकत नाही. पुन्हा माझ्या नावावर सूत घेता येईल, साडी विणता येईल. पण हे सगळं तुमच्या एका सवयीपायी बुडता बुडता वाचलं, म्हणून लिहितेय.

आक्काच्या लग्नाच्या पत्रिका आठवतात? मी दहा वर्षांची. पाय दुखले म्हणून शहापूरच्या सूतवाल्या काकांची पत्रिका मी त्यांच्या दुकानातल्या गड्याकडं देऊन आले. आई भात वाढतेय, तुम्ही हातातला घास खाली ठेवताय. "ती काय जाहिरात हाय दुकानात टाकायला? ऊठ. माणसाला आधी तोंडानं सांगायचं, मग कागद द्यायचा." सायकलवर बसवून परत नेलंत. येताना मिठाईवाल्याकडं कुंदा घेऊन दिलात, तेव्हा कुठं माझं रडं थांबलं.

कोर्टानं सांगितलं होतं, ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांना रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा, पावत्या जोडा. कागद कन्नडात होता, पण कळला नाही असं म्हणणार नाही, चांगला कळला. तरी पिशवीत नोटिसा घालून मी सात दारं फिरले. तेच सूतवाले काका, आता लई थकलेत. कागद बघून खुलले, "कुणाचं ठरलं गं?" म्हटलं, "काका, माझं दिवाळं निघालंय." सगळ्यांत जास्त पैसे त्यांचेच बुडाले होते. कागदाची घडी घालून खिशात ठेवली, मग आत चहा सांगितला.

काल एका फायनान्सवाल्याचा वकील उठला. पोस्टाच्या पावत्याच नाहीत, अर्ज फेटाळा म्हणाला. माझ्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला, "अहो, पोस्टात टाकायच्या होत्या हो!" तेवढ्यात मागच्या बाकावरून काका काठी टेकत उठले. "नोटीस न्हाय कशी? घरी येऊन, रडून सांगून गेली की ही! पोस्टमन ह्याच्यापरीस काय जास्त सांगणार हुता?" बाकीचेही व्हय व्हय करत उभे राहिले. जज्जसाहेबांना हसू आलं. नियम मोडला म्हणून मला चांगलं झापलं. मग म्हणाले, लोकांना कळावं म्हणूनच नोटीस असते, आणि हे सगळे तर समोर उभे आहेत. सही केली. बाहेर येऊन मी काकांच्या पाया पडले, आणि तुमची इतकी आठवण आली की तिथंच पायरीवर बसून रडले.

हे पत्र पोस्टात टाकण्यासारखं नाही, आणि तुमच्या दारात यायला अजून वेळ आहे. पण एक सांगायचं राहिलंय. नोटिसा वाटायला निघाले त्या सकाळी तुमचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात, साड्यांखाली ठेवला होता. सात घरी तोंडानं सांगितलं, आप्पा. तुम्हाला तेवढं सांगवलं नाही.