वळून मोजलेले पाच कार्बन

वहिनी,

तुझा फोन बंद लागतोय, म्हणून लिहून ठेवतो. माझं बारावीचं सेंटर कामशेतलाच होतं, तुझ्यासारखं लांब नव्हतं, त्यामुळे पेपर देऊन लवकर आलो. भात लावलाय, पिठलं तेवढं गरम कर. आई बेडशाला हळदीला गेलीय. तुझ्या ओवीला घेऊन मी धरणावर म्हशी धुवायला चाललोय.

चित्र बघून रेणूचं नाव लिहायचा प्रश्न आला की गं. काल तू सांगत होतीस, कार्बनची साखळी सरळ दिसते तेवढीच मोजू नको, वळून लांब जात असेल तर तीच धर. आणि मी म्हणालो, "चुलीपुढं बसून केमिस्ट्री येत न्हाई." आज तसंच चित्र होतं. तुझं ऐकून वळून मोजलं, तर चाराचे पाच कार्बन भरले. बाहेर सरांना विचारलं, उत्तर बरोबर आहे. माझं कालचं बोलणं मनात ठेवू नको.

घरी आल्यावर दादानं विचारलं, "दोघांत जास्त मार्क कुणाला पडतील?" मी म्हणालो, "वहिनीला. फार्मसीला तिला घालच."

त्यानं लगेच गाडी काढली आणि तुला आणायला स्टेशनवर गेला. आज न्यायला का आला ते तो काही तुला सांगायचा नाही, म्हणून मी सांगतोय.

अमृत