एरोताल्देच्या कुरणातली वाट

मी, बिशेन्ते ओलात्सगारात, सागास्तिसार घरचा, राहणार उर्किसेलाय, वय वर्षं त्र्याऐंशी, धंदा चित्रपट दिग्दर्शन, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. कागदोपत्री मी विसेन्ते आहे. माझ्या जन्माच्या वेळी आमच्या भाषेतलं नाव नोंदवायला माद्रिदच्या सरकारची बंदी होती, म्हणून आईने कारकुनाला एक नाव सांगितलं आणि घरी येऊन दुसऱ्या नावाने हाक मारली. दोन्ही नावांचा माणूस एकच समजावा. माझी बुद्धी शाबूत आहे. फुप्फुसं नाहीत, पण मृत्युपत्राला फुप्फुसं लागत नाहीत. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. माझ्या बहिणीची मुलगी गारासी दडपण आणते ते फक्त औषधाच्या बाबतीत, आणि आत्ता हे लिहूनही तीच घेते आहे.

आमच्या जुन्या कायद्याप्रमाणे मरणाच्या दारात असलेल्या माणसाने तीन साक्षीदारांसमोर आपली इच्छा सांगितली तर ती चालते, नोटरीची पायरी चढावी लागत नाही. दोन साक्षीदार खोलीत हजर आहेत: आमच्या दरीच्या डॉक्टर लोहित्सुने साराते, आणि सफरचंदाच्या दारूचा गुत्ता चालवणारी प्रुदेन्सी एचेनिके. तिसरी खुर्ची रिकामी आहे. ती समोरच्या उतारावरच्या एरोताल्दे घरच्या काशिल्दोची. तो माझा पहिला शेजारी, आणि चाळीसहून जास्त वर्षं तो माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. आज सकाळी गारासी त्याच्या दारात निरोप सांगून आली. तो येईल की नाही, मला ठाऊक नाही. तो आला नाही तर हा कागद फुकट जाईल, हे समजत असूनही मी त्याच्या जागी दुसरा साक्षीदार बोलावणार नाही.

कलम एक. सागास्तिसारचं घर, गोठा, सफरचंदाची बाग आणि वरचं रान हे सगळं एकट्या गारासीला. आमच्याकडे घराची वाटणी करत नाहीत. घर एकाकडे जातं आणि बाकीच्यांना रुसायचा हक्क मिळतो. भाचा एनेको रुसेल. त्याला माझी मोटार द्यावी, म्हणजे रुसून निघून जायची सोय होईल. गारासीला एकच अट: पर्यटकांना स्वयंपाकघरात घेऊ नये. चित्रपट बघून आलेली माणसं आमच्या चुलीपुढे उभी राहून कुजबुजत बोलतात. त्या चुलीपुढे माझी आई आणि तिच्या दोन नणंदा नांदल्या आहेत, तिथे कधी कोणी कुजबुजलेलं नाही.

कलम दोन. माझ्या चित्रपटांच्या मूळ प्रती आमच्या प्रांताच्या चित्रसंग्रहालयाला द्याव्यात. परभाषेत आवाज दिलेल्या प्रती देऊ नयेत, त्या जाळाव्यात. 'दुसरी कापणी'त काशिल्दोने काम केलं आहे, त्याला माद्रिदच्या कोणा नटाने आवाज दिला आहे. ऐकताना वाटतं, बैल विकायला वकील आला आहे.

माझ्या 'घास' या पहिल्या छोट्या चित्रपटाबद्दल एक खुलासा इथेच करून ठेवतो. त्यात एक कुटुंब सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसतं जेवतं आणि कोणी चकार शब्द काढत नाही. पॅरिसच्या एका विद्वानाने त्यावर मौन, भूक आणि इतिहास असा मोठा लेख पाडला. खरं कारण असं की माणसं आमच्या भाषेत बोलली असती तर सेन्सॉरने कापलं असतं, आणि सरकारी भाषेत बोलायला माझी आई तयार नव्हती. म्हणून मी सगळ्यांच्या तोंडात मक्याची भाकरी कोंबली. तोंडात घास असला की बोलावं लागत नाही.

"मामा, हेही मृत्युपत्रात लिहायचं?" गारासीने विचारलं.

"लिही. मेल्यावर माझी मुलाखत घ्यायला कोण येणार आहे?"

संग्रहालयाला एक रीळ मात्र द्यायचं नाही. 'दुसरी कापणी'च्या, संकलन करताना वापरलेल्या माझ्या प्रतीतलं चौथं रीळ. त्यात काशिल्दो लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापत उतार उतरतो. तेव्हा तो तिशीचा होता. कापता कापता मध्येच थांबतो, विळा टेकवतो आणि सरळ कॅमेऱ्यात बघून मला विचारतो, "झालं का तुझं?" ते मी चित्रपटातून काढलं नाही. लोक हसले, समीक्षकांनी त्याला धाडस म्हटलं. काशिल्दोच्या घराचं धुराडं मला या पलंगावरून दिसतं. त्याचा कुत्रा भुंकला तर ऐकू येतो. पण त्याचा आवाज ऐकायचा असला की मला ते रीळ लावावं लागतं. ते माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावं.

कलम तीन. परदेशी महोत्सवात मिळालेला काशाचा पक्षी प्रुदेन्सीला द्यायचं मनात होतं, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं डॉक्टरबाई म्हणतात.

"म्हणजे मला काहीच नाही?" प्रुदेन्सी म्हणाली. "मग मी कशाला बसले आहे सकाळपासून? गुत्ता बंद ठेवून आले मी."

"बस गं. माझ्या दफनानंतरचं जेवण तुझ्याकडेच होणार आहे, त्यात काढ वसूल करून."

"त्यात काढणारच आहे. तुझे ते शहरातले सिनेमावाले ढोसतात किती!"

पक्षी शाळेला द्यावा. पोरांनी त्याला दगड मारले तरी हरकत नाही.

कलम चार. हे कलम कोणतीही वस्तू कोणाला देत नाही. तरी ते वाचल्याशिवाय कोणी सही करू नये.

आमच्याकडे पहिला शेजारी हे नातं रक्ताच्याही आधी येतं. घरात माणूस गेला की पहिल्यांदा त्याला कळवायचं. पाद्र्याकडे तो जाणार. पेटीच्या पुढे क्रूस धरून तोच चालणार. हे नातं घराचं घराशी असतं, ते भांडून सुटत नाही आणि पैसे देऊन दुसरीकडून आणता येत नाही. दुसरं असं की प्रत्येक घराची चर्चपर्यंतची आपापली प्रेतवाट असते, आणि जिथून एकदा मेलेल्याची पेटी गेली तिथून पुढे कोणालाही जाता येतं. मग जमीन कोणाची का असेना.

सागास्तिसारची प्रेतवाट डांबरी रस्त्याखाली गेली. त्यामुळे 'चार खांदे' या चित्रपटातल्या अंत्ययात्रेसाठी मला पेटी न्यायला जुनी वाट उरली नाही. मी काशिल्दोकडे गेलो. तोवर माझ्या प्रत्येक चित्रपटात तो होता. पगार म्हणून एक चीजचा गोळा घ्यायचा आणि तोही माझ्याच घरी बसून अर्धा मला खायला लावायचा. मी म्हटलं, तुझ्या खालच्या कुरणातून नेऊ का? सकाळी तिथे ओढ्यावरचं धुकं येतं. तो म्हणाला, ने. वर स्वतः क्रूस धरून पुढे चालला, कारण चित्रपटातही तो पहिला शेजारीच होता. पेटीला वजन हवं म्हणून आम्ही आत सफरचंदांची पोती घातली होती. तो प्रसंग मी आयुष्यात केलेल्या सगळ्या कामात चांगला आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. त्यात माझं कर्तृत्व थोडं आणि काशिल्दोच्या पाठीचं फार.

चित्रपट गावात चेंडू खेळायच्या उंच भिंतीवर दाखवला. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी त्या कुरणातून गुरं नेली. काशिल्दोने हटकलं, तर उत्तर मिळालं, "पेटी गेली की इथून. साऱ्या गावाने पाहिली." मग त्याच भिंतीखाली गाव जमलं.

"अरे, ते सोंग होतं!" काशिल्दो ओरडत होता.

"सोंग? मग माझी आजी ढसाढसा रडली ती कशाला?"

"आणि पुढे क्रूस कोणी धरला होता? तूच ना? स्वतःच्या कुरणातून स्वतःच पेटी नेलीस आणि आता आम्हाला अडवतोस होय!"

लोक पोट धरून हसत होते. मी उठून सांगितलं की आत मेलेला माणूस नव्हता, सफरचंदं होती. त्यावर एक म्हातारा म्हणाला, "वाटेला काय कळतं आत कोण आहे ते?" काशिल्दो सगळ्यांदेखत माझ्याकडे वळला.

"तो प्रसंग काढून टाक तुझ्या सिनेमातून. पेटी नाही तर वाट नाही."

"तोच तर सिनेमा आहे, काशिल्दो."

"मग घेऊन बस तुझा सिनेमा."

तेवढंच. निवाडा तेव्हा झाला नाही, आजही झालेला नाही. अर्धं गाव वाट आहे म्हणतं, अर्धं नाही म्हणतं. काशिल्दो फाटक लावतो, कोणीतरी उघडतं. आता तर चित्रपट बघून आलेले लोक काठ्या टेकत त्याचं गवत तुडवतात आणि धुक्याची वाट बघत उभे राहतात. मी प्रसंग कापला नाही. आज विचारलं तरी कापणार नाही. माझं बरोबरच होतं, आणि बरोबर असलेला माणूस इतकी वर्षं एकटा जेवतो आहे.

पुढचे दोन चित्रपट मी शहरातले नट घेऊन केले. त्यांना बक्षिसं मिळाली. एकाला विळा धरायला शिकवता शिकवता माझ्या नाकी नऊ आले. तो गवत कापायला लागला की दाढी करतोय असं वाटायचं. मग मी चित्रपट करणं सोडलं. मुलाखतींत म्हणालो, सांगण्यासारखं उरलं नाही. ते खोटं होतं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण ज्याच्याकडे बघून सुचायचं तो माझ्याकडे बघत नव्हता.

माझी आई गेली तेव्हा काशिल्दो आला नाही. क्रूस दुसऱ्या शेजाऱ्याने धरला. तो राग मी कोणाही वारसाला देत नाही, तो माझ्याबरोबर जाईल. पण रागाखाली जे आहे तेही सांगतो. मला त्याची आठवण येते. रोज दिसणाऱ्या माणसाची आठवण येण्याइतकं वाईट काही नाही. परगावी गेला असता तर निदान पत्राची वाट बघता आली असती.

कलम पाच. माझी पेटी डांबरी रस्त्याने, मोटारीतून, लांबच्या वळशाने चर्चला न्यावी. एरोताल्देच्या कुरणात ना मोटारीचं चाक पडावं, ना खांदेकऱ्याचा पाय. मी तिथून गेलो तर तो वाद कायमचा मिटेल, आणि तो काशिल्दोच्या विरुद्ध मिटेल. माझा कोणी चाहता किंवा सिनेमावाला हट्टाला पेटला तर गारासीने त्याला गोठ्यात कोंडावं. क्रूस कोणी धरावा, हे मी लिहीत नाही. ते लिहून मागायचं नसतं.

इथे लिहिणं थांबलं होतं. डॉक्टरबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं, प्रुदेन्सीने एकदा मला पाणी पाजलं आणि एकदा स्वतःसाठी दारू ओतून घेतली. गारासी खिडकीत उभी होती. "मामा, त्यांचा कुत्रा वर येतोय," ती म्हणाली. मी म्हटलं, कुत्रा नेहमीच येतो. मग ती म्हणाली, "मागून तेही आहेत."

काशिल्दो आला आहे. दारातच उभा आहे.

"बस की, खुर्ची ठेवलीय," प्रुदेन्सी म्हणाली.

"उभाच बरा."

त्याने टोपी काढलेली नाही. पाठीला बाक आला आहे, तो मला खिडकीतून कधी दिसला नव्हता. गारासीने पहिल्या ओळीपासून सगळं वाचून दाखवलं. चौथं कलम चालू असताना तो खाकरला आणि जमिनीकडे बघत राहिला. पाचव्याला त्याने मान वर केली.

कलम सहा. एरोताल्दे घरचा काशिल्दो यास मी काहीही देत नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही, आणि मला त्याला काही देण्यापेक्षा तो इथे यायला हवा होता.

"मागितलं होतं कोणी?" काशिल्दो म्हणाला.

हे त्याचे शब्द गारासीने जसेच्या तसे लिहावेत असं मी सांगितलं आहे. ते रिळावरचे नाहीत.

वरील सर्व मजकूर माझ्या समक्ष वाचला गेला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि यापूर्वी मी मुलाखतींत, भाषणांत किंवा गुत्त्यात कोणाला काही देऊ केलं असेल तर ते रद्द समजावं.

सही: बिशेन्ते ओलात्सगारात
ठिकाण: सागास्तिसार, उर्किसेलाय
तारीख: ११ जून २०२४

साक्षीदार पहिली: डॉ. लोहित्सुने साराते. सांगणारा पूर्ण शुद्धीवर होता. त्याने बोलणं कमी करावं असं सुचवलं होतं, ते त्याने मानलं नाही.

साक्षीदार दुसरी: प्रुदेन्सी एचेनिके. सगळं ऐकलं. पक्षी मला नकोच होता.

साक्षीदार तिसरा: काशिल्दो इराओला, एरोताल्दे घरचा, सागास्तिसारचा पहिला शेजारी. ऐकलं, सही करतो. कलम पाच मला मान्य नाही. डांबरी रस्त्याचा वळसा मोठा आहे आणि माझे गुडघे गेले आहेत, क्रूस घेऊन मला तिकडून चालवणार नाही. पेटी कुरणातून येईल. या खेपेला आत माणूस असेल, तेव्हा वाट कायमची होईल. होऊ दे.