इनबॉक्समध्ये तक्रार नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
सोळा तारखेला सोसायटीची निवडणूक. सेक्रेटरी पुन्हा मीच व्हावं असं वाटतं. ही हाव आहे का? नसावी. लिफ्टमध्ये तक्रारी ऐकणं मात्र बंद. यापुढे सगळं मेलवर, अशी नोटीस लावली. चेअरमन लवूकाका परब भातकापणीला कुडाळला गेलेत. त्यांनाही कळवलं, फोन नको. ब्राउझरमध्ये मेल उघडण्याचा पोरखेळही पुरे. कॉम्प्युटरवर रीतसर प्रोग्रॅम टाकतो. दहा मिनिटांचं काम.

४ नोव्हेंबर
दहा मिनिटांचं नाही. येणाऱ्या मेलचा सर्व्हर वेगळा, जाणाऱ्याचा वेगळा, पोर्टही वेगळे. का? मृणालिनी म्हणाली, ब्राउझरमध्ये सगळं दिसत होतं ना. बायकोला तत्त्वाचा मुद्दा कळत नाही.

५ नोव्हेंबर, सकाळी
जमलं. तिला टेस्ट मेल पाठवला, स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. येणाऱ्या मेलच्या रकान्यातही जाणाऱ्याच्याच सर्व्हरचं नाव भरलं. चालणारं नाव बदलायचं कशाला? मधूनच चौकट येते, सर्व्हरशी संपर्क होत नाही. 'पुन्हा दाखवू नका'वर टिक केली. आता येत नाही.

९ नोव्हेंबर
इनबॉक्स रिकामा. पाण्याची वेळ बदलली तरी एक तक्रार नाही. मुलुंडमध्ये अशी दुसरी सोसायटी नसेल. मग चैन का पडत नाही? सकाळपासून रिफ्रेश करतोय. उद्यापासून दिवसातून एकदाच.

११ नोव्हेंबर
दुसऱ्या मजल्यावरच्या वनमालाताईंनी लिफ्टमध्ये गाठलं. बाथरूमचं छत गळतंय. नम्रपणे म्हटलं, मेल करा.
"दोनदा केला. तू वाचतोस तरी का रे?"
पत्ता तपासा म्हटलं. उद्धटपणा झाला का? घरी येऊन इनबॉक्स पाहिला. रिकामा. म्हणजे नाही झाला.

१४ नोव्हेंबर
बी विंगचा हर्षद विचारत होता, कामं समजावून द्याल ना. शिकायची हौस दिसते. जरूर म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार, दुपारी
हर्षद सेक्रेटरी. बिनविरोध. मी उभा राहून विचारलं, माझं नाव कसं नाही? लवूकाका कुडाळहून थेट मीटिंगलाच आले होते. म्हणाले, "तुका मेल धाडललंय मां. तू उत्तरच देवक नाय."
कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

संध्याकाळी
येणाऱ्याच्या रकान्यातलं नाव बदललं. एका शब्दाचा फरक. धडाधड मेल उतरले. वनमालाताईंचे दोन. पाणी, कबुतरं, पार्किंग, परत पाणी. मध्येच काकांचा: 'सगळ्यांचा म्हणणा, सेक्रेटरी तूच रवाचस. फक्त हो म्हण, बाकीचा मी बगतंय.'
तक्रारी हर्षदला फॉरवर्ड केल्या. काकांच्या मेलला उत्तर लिहिलं, हो.
लगेच गेलं.