जिराफाचं मुंडकं पाठवण्याबाबत

कोरेगाव, जि. सातारा
अधिक ज्येष्ठ, सकाळची न्याहारी उरकल्यावर

रा. रा. शंभूराजराव जावईबापू यांस,

सुभेदार मानसिंग (निवृत्त) यांजकडून. लग्नात मी तुमचे पाय धुतलेत, म्हणजे नमस्कार लिहायला हवा. वयानं मी वडील, म्हणजे आशीर्वाद लिहायला हवा. दोन्ही पाठवतोय, सोयीचं असेल ते ठेवून घ्या आणि उरलेलं सांगलीला विहीणबाईंकडे पोचवा. (त्यांना नमस्कारच द्या. आशीर्वाद दिलेला त्यांना चालायचा नाही.) इकडे सगळे खुशाल आहोत. माझा डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण तो नोकरीत असल्यापासून कुरकुरतोय, त्याचं मी मनावर घेत नाही. तुमची तब्येत ठणठणीत असणार असं धरून चालतो. पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुम्हाला फोन केला की तिकडून आपोआप निरोप येतो, की मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो. त्या निरोपाशी आता माझा चांगला घरोबा झालाय. म्हणून हे स्पीड पोस्टानं थेट तुमच्या ऑफिसात धाडतोय. सही करून घ्यावंच लागेल.

तर संयोगिता बँकेच्या ट्रेनिंगला हैदराबादला गेली आणि जाताना ओवीला आमच्या हवाली करून गेली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (असावं. घरात माणूस कमी झालं की कळतं.) नात यायची म्हणून तुमच्या सासूबाईंनी आठवडाभर आधीच मोर्चेबांधणी केलेली. लोणी काढलं, शेंगदाण्याची चटणी कुटली, शेजारच्या कृष्णाताच्या म्हशीचं दूध बांधून घेतलं. पहिल्या सकाळी पोरीपुढं गरम भाकरी, लोणी, गूळ असं ताट मांडलं. पोरीनं ताटाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, मला जिराफ पाहिजे. मी तिला नीट समजावून सांगितलं, की कोरेगावात जिराफ मिळत नाही, कृष्णाताची म्हैस आहे, तिची मान बऱ्यापैकी लांब आहे. तर ती रडायलाच लागली. मग उलगडा झाला की जिराफ म्हणजे खायचा जिराफ. बूट घातलेला, गॉगल लावलेला, खोक्यावरचा. आत चॉकलेट लावलेले मक्याचे पोहे. ते दुधात घालून खाल्ले की पोर उंच होतं म्हणे.

दुपारीच मी जिनेंद्रच्या दुकानात गेलो. जिनेंद्र आपल्या सांगलीकडचाच, माणूस गोड, पण धंद्याला पक्का. मी डाळीच्या फळीपासून वर शोधतोय आणि खोकी सगळ्यात खालच्या फळीवर, माझ्या गुडघ्याला लागून. मी म्हटलं, हे असं पायात कशाला ठेवलंस? तो म्हणाला, सुभेदार, ते तुमच्यासाठी न्हाई ठेवल्यालं, ज्याचं डोळं तितक्या उंचीवर हायत त्याच्यासाठी हाय, कंपनीची माणसं सवता येऊन लावून जात्यात. मी उभ्या जागी सलाम ठोकला. खंदक कुठं खणावा हे ज्या शत्रूला कळतं, त्याला मी मानतो.

पुढचा प्रसंग सांगू नये अशी तुमच्या सासूबाईंची सूचना आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तिनं खोकं उघडलं तर आत मक्याचे पोहे. आता मक्याचे पोहे दिसल्यावर आपल्याकडची बाई दुसरं काय करणार? कढई चढवली, तेल, मोहरी, कढीपत्ता, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, हिरव्या मिरच्या, वरून हळद, आणि दिलं सगळं खोकं त्यात सोडून. रंग काळपट दिसला तर तिला वाटलं, मुंबईवाल्यांनी जरा जास्तच भाजलेत. मग चॉकलेट वितळलं, मिरचीला चिकटलं, घरभर असा वास सुटला की कृष्णात म्हशीची धार अर्धी टाकून बघायला आला. त्याला वाटीभर दिलं. त्यानं एक घास खाल्ला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, वैनी, हे जेवायच्या आदी घ्यायचं का मागनं? (त्यानं वाटी मात्र संपवली. शेजारी असावा तर असा.) दुसऱ्या खोक्यावर तिनं कढत सायीचं दूध ओतलं, त्याची खळ झाली. तिसऱ्यापासनं जमलं.

या सगळ्यात पोरगी काय खात होती म्हणाल, तर काही नाही. वाटी समोर घ्यायची, दोन चमचे तोंडात, बाकीचं दूध पिऊन बुडाशी लगदा. भाकरीला हात नाही, पोळीला नाही. आठवड्यात गाल उतरले. तुमच्या सासूबाईंचा, म्हणजे आमच्या मनुबाईचा, जीव थाऱ्यावर नव्हता. एवढी माणसं तिच्या हातचं खाऊन तृप्त झाली आणि पोटच्या पोरीची पोर उपाशी, या विचारानं ती शेगडीपुढं बसून डोळे पुसायची आणि मला सांगायची, धूर लय झालाय. गॅसच्या शेगडीला धूर कुठला?

मग मी ठरवलं की शत्रूचा नीट अभ्यास करायचा. ओवीबरोबर टीव्हीपुढं बसलो. इतर पोरं जाहिरात लागली की उठून जातात, हिचं उलटं. कार्टून लागलं की ही अंगणात, जाहिरातीचा सूर वाजला की धावत आत. ती जाहिरात मी इतक्या वेळा बघितलीय की मला झोपेत म्हणता येईल. आधी जिराफ नाचतो, तो पोरांसाठी. खोक्यात जिराफाचा एकेक तुकडा चिकटवायला मिळतो, तोही पोरांसाठी. मग पांढरा कोट घातलेला माणूस येऊन जीवनसत्त्वांची नावं घेतो आणि विचारतो, तुमचं मूल मागे तर पडत नाही ना? हा आईबापांसाठी. पोराला समोरून भुलवायचं, आईबापाला मागून घाबरवायचं, म्हणजे मधलं आपोआप हाती येतं. असा दुतर्फा हल्ला आम्हाला शिकवताना मेजरसाहेबांनी फळ्यावर बाण काढले होते, इथं बाण न काढता कामगिरी फत्ते! आणि खोटं कशाला सांगू, मीही पडलो. त्यात एक आजोबा खोकं घेऊन येतात आणि नात त्यांच्या गळ्यात पडते. त्यापायी मी खोक्यांमागून खोकी आणली. शिवाय वाटीत उरलेलं वाया नको म्हणून मीच खात होतो आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उंची बघत होतो. (वय झालं की माणूस बोटभर खचतो असं डॉक्टर म्हणतात. म्हटलं, बघू तरी.) मनुबाईनं पकडलं. त्यावर चार दिवस बोलणी खाल्ली, ती वेगळी.

शेवटी माझं डोकं फिरलं. सोसायटीच्या बाकावर चारचौघांत मी जाहीर केलं, की ही जाहिरात ज्या कुणी बनवली त्याला डोक्यावर रायफल धरायला लावून कोरेगाव ते सातारा पळवला पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच संध्याकाळी संयोगिताचा फोन आला. मी तिला तावातावानं सगळं सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणाली, आबा, ती तुमच्या जावयानं बनवलीय, त्याला बक्षीस मिळालंय तिच्यासाठी, आणि शेवटी जो बाबांचा आवाज येतो ना, "चल गं माझी राणी, एक घास माझ्यासाठी", तो त्याचाच आहे, ठरलेला कलाकार आला नाही म्हणून यानंच म्हटला.

जावईबापू, तुम्ही काय काम करता हे मला कळलेलंच नव्हतं. विचारायला मी भीत होतो आणि सांगायला तुम्हाला सवड नव्हती. रायफलीचं मी मागे घेतो. (साताऱ्यापर्यंतचं मागे घेतो. कोरेगावला एक चक्कर मारावीच.)

पण खरी गोष्ट मला कळली नाही, ती मनुबाईला कळली. दुसऱ्या दिवशी जाहिरात लागली तेव्हा ती दारात उभी होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, आवं, पोरगी जिराफ न्हाई बघत, शेवटाला डोळं मिटून बसतीया, नीट बघा की. मी बघितलं. जिराफ नाचला, डॉक्टर बोलला, पोरगी इकडेतिकडे बघत होती. शेवटी बाबा झालेला दाढीवाला नट त्या जाहिरातीतल्या मुलीला घास भरवायला लागला, तशी हिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मी विचारलं, बाळा, डोळे का मिटतेस? तर म्हणाली, हे बाबा खोटे आहेत, आवाज खरा आहे.

मग तिनंच विचारलं, आजोबा, बाबा त्या मुलीला रोज सकाळी भरवतात ना? म्हणून लवकर जातात ना ऑफिसला? तिच्या डोक्यात हे पक्कं बसलंय, की तुम्ही सकाळी निघता ते त्या मुलीला न्याहारी भरवायला. ती मुलगी जिराफ खाते म्हणून तुम्ही तिला भरवता. मग आपणही जिराफ खाल्ला तर आपल्यालाही भरवतील. तिला ते पोहे मुळीच आवडत नाहीत हो. ते घशात अडकतात म्हणाली. तरी बसते बिचारी वाटी घेऊन. तुमच्या जाहिरातीनं लाखो घरांत काय केलं असेल ते असो, तुमच्या स्वतःच्या घरात तिनं हे केलंय. मी माणूस कडक आहे, पण त्या वेळी उठून गोठ्यात गेलो आणि कृष्णाताच्या म्हशीशी काहीबाही बोलत बसलो.

मग उपाय मीच काढला. सकाळी भाकरी दुधात कुस्करली, गूळ घातला, घास उचलला आणि तुमचा आवाज काढला. आता माझा आवाज परेडचा. "चल गं माझी राणी" म्हटल्यावर कोंबड्या परसात पळाल्या आणि रस्त्यावरनं जाणारा नाथाजी सायकलवरून उतरून सावधानमध्ये उभा राहिला. (तोही पलटणीतलाच.) पोरगी मात्र खदखदून हसली. हसता हसता तिचं तोंड उघडलं, तसा मी घास घातला. तेव्हापासून रोज सकाळी मी जाहिरात करतो. मनुबाई जिराफ होते. हे तुम्ही कुणाला सांगू नका, तीही सांगू देणार नाही, पण ती कमरेवर हात ठेवून मान हलवते तेव्हा लग्नाच्या वेळेपेक्षा बरी दिसते. ओवी आता पाऊण भाकरी खाते. गाल परत यायला लागलेत. तेव्हा काळजीचं काही कारण नाही.

हे सगळं लिहिण्याचं कारण एवढंच, की खोक्यातले तुकडे चिकटवून आमच्या भिंतीवर जिराफाचे चारी पाय, शेपूट आणि लांबलचक मान झालीय, मुंडकं काही निघत नाही. जिनेंद्र म्हणतो, मुंडकं मुद्दामच कमी घालतात. तुमच्या ओळखीनं कंपनीकडून एक पाठवलंत तर बरं होईल. बाकी काही मागणं नाही. अधिक महिना आहे, जावयाला धोंड्याचं जेवण घालायची रीत आहे, पण तुमचं काम आम्ही जाणतो, म्हणून आग्रह करत नाही.

घरच्या सर्वांस यथायोग्य.

आपला,
सुभेदार मानसिंग

ता. क. मनुबाईला पत्र वाचून दाखवलं. आग्रह करत नाही या वाक्यावर ती माझ्याशी बोलायची बंद झालीय. तेव्हा आग्रह करतो. अनारसे तळून झालेत. या.

दुसरा ता. क. मुंडकं नको. तुम्ही या. रविवारी सकाळच्या न्याहारीला या, शनिवारी रात्रीची एसटी पकडा. माझा आवाज बसत चाललाय आणि पोरगी फार समजूतदार आहे हो, मी दमलो की स्वतःच म्हणते, पोट भरलं. तिचं भरलेलं नसतं, मला कळतं.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवताना ओवी येऊन बसली. बाबांना बोलावलंय म्हणून सांगितलं. आनंदानं उडी मारेल असं वाटलं होतं, तर ती विचारात पडली. बाबा इकडे आले तर त्या मुलीला कोण भरवणार, म्हणाली. मग तिनंच ठरवलं, की बाबांनी तिलाही बरोबर आणावं. आजीकडून तिच्यासाठी ताट काढून घेतलंय, आपल्या ताटाला लावून मांडून बघितलंय, आणि तिला गूळ चालतो का ते विचारून कळवायला सांगितलंय.