फाटकात उभा माणूस

२१ नोव्हेंबर १९८८

आज ह्यांना हत्तीचा माहूत केलं.

पुस्तकात माहूत नव्हता. हत्तीच नव्हता. एका संस्थानातली भाऊबंदकी, वकील, दत्तकाची भांडणं. आई कंटाळून वाकळेचा दोरा उसवत बसल्या होत्या. मग मी पान उलटल्यासारखं केलं आणि हत्ती आणला. त्यावरून एक उंच माणूस उतरतो, मागच्या दाराशी पायांवर पाणी घेतो, गुळाचा खडा मागतो आणि तो गालात ठेवून बोलत राहतो. आईंचे हात थांबले. "मंग?" म्हणाल्या.

सासूबाईंना मी आईच म्हणते. मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. दुपारी परकरांची शिलाई बाजूला ठेवून मी वाचते, त्या ऐकतात. हे गेल्यापासून असंच — तीन वर्षं. ह्यांना कुठेतरी घुसवल्याशिवाय माझं वाचन पुढे सरकत नाही. पोस्टमन केलं, टांगेवाला केलं, एकदा विलायतेतल्या हवालदारालाही गूळ खायला घातला. नाव मात्र देत नाही. इतकी वर्षं घेतलं नाही, आता गोष्टीत कसं घेऊ?

आईंच्या लक्षात येत नाही. निम्मा वेळ डुलकीत असतात. बरंच आहे.

२४ नोव्हेंबर

समोरच्या नव्या बिल्डिंगमधली वृंदा ब्लाउजचं माप द्यायला आली. नवरा गुरुदत्त, कंपनीत ऑफिसर. हिची कथा यंदा एका दिवाळी अंकात आली आहे. हे तिनेच सांगितलं, माप घेताना, दोन्ही हात वर करून.

"कुंदाताई, तुम्हीपण लिहिता म्हणे?"

म्हणे! हे वाचनालयातल्या विष्णुपंतांचं काम. मासिकाला दोन गोष्टी पाठवल्या होत्या, दोन्ही परत आल्या. पोस्टाचा पत्ता त्यांना विचारला हीच चूक. आता अख्ख्या अंबरनाथला माहीत.

पुस्तक उघडं दिसलं तशी म्हणाली, "आजी, मी वाचून दाखवू?" आणि बसलीच. काय आवाज आहे! रेडिओवरच्या बाईसारखा. आई हसल्या. चक्क हसल्या.

ब्लाउज तिला घट्ट होणार आहे. मुद्दाम नाही करत. पण होणार.

२५ नोव्हेंबर

आज पुन्हा आली. आई म्हणाल्या, "ये गो बाय, बस." मला सतरा वर्षांत 'बाय' म्हणाल्या नाहीत.

२८ नोव्हेंबर

दिवाळी अंक आणला. विष्णुपंत कार्डावर शिक्का मारताना नेहमीचं बोलले — "वहिनी, कार्ड अजून आनंदाच्याच नावावर आहे. बदलून घ्या की." मी नेहमीसारखं "बघू" म्हटलं. ह्यांच्या नावावर मी वाचते. त्यात वाईट काय आहे? कार्डावर तरी हे अजून येतात-जातात.

वृंदाची कथा उभ्या उभ्या नळावरच वाचली. पाणी गेलं, हंडा अर्धाच राहिला. कथा चांगली आहे. वाईट असती तर किती बरं झालं असतं. बाई नवऱ्याशी भांडते आणि संध्याकाळी त्याच्यासाठी वांगी घेते, एवढंच. तिला काय, भांडायला नवरा आहे! संध्याकाळी तो खालून हाक मारतो, ही खिडकीतून "आले" म्हणते. कथा आपोआप होते.

आणि वर नाव छापलेलं. स्वतःचं. माझ्या गोष्टीला ना नाव ना पान. बोलली की संपली.

१ डिसेंबर

नवीन पुस्तक घेतलं. बंगल्याची गोष्ट आहे. ह्यांना माळ्याच्या कामासाठी फाटकापर्यंत आणलं. दुपारचं ऊन, डोक्याला फडकं, आता मालकीणबाई पाणी आणि गूळ घेऊन येणार, तेवढ्यात वृंदा दारात. "चालू दे, चालू दे," म्हणत आईंच्या उशाशी बसली.

तिच्यासमोर कसं चालू देऊ? पुस्तक मिटलं. म्हटलं, "आज घसा बसलाय."

"मग मी वाचते ना," म्हणाली. हात पुढे केला. मी दिलं नाही. दुसरं वाच म्हटलं, घरचं.

४ डिसेंबर

परकर घेऊन उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या दुकानात गेले होते. शेठ म्हणाले, "साईं, नाड़ा छोटा डाला है, पब्लिक मोटी हो गई है." सगळे उसवून परत डालना है. यायला उशीर झाला.

दारातूनच ऐकलं, वृंदा वाचत होती. ते संस्थानाचं पुस्तक! विष्णुपंत सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर घालतात, नाव मणक्यावर बारीक लिहितात. हिने वाचनालयातून नेमकं तेच उचलून आणलं आणि शेवटाला पोचली होती.

आईंनी विचारलं, "नि माहूत?"

"कोण माहूत, आजी? ह्यात हत्तीच नाही." आणि मला बघून हसायला लागली, "कुंदाताई, तुम्ही यांना काय वाचून दाखवलंत हो?"

मी म्हटलं, दुसरं पुस्तक असेल.

"नाही हो, तेच. विष्णुपंत म्हणाले, तुम्हीच परत केलंत."

आई पांघरूण चाचपत राहिल्या. मी चहा टाकला, साखर दोनदा पडली. तीन वर्षं म्हाताऱ्या बाईला फसवलं असंच वाटलं असेल त्यांना. वृंदाचं खरं, कारण ते छापलेलं.

५ डिसेंबर

आज बंगल्याची गोष्ट छापली आहे तशी वाचली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. माळी नाही, फाटकात कोणी नाही. मालकीणबाई पियानो वाजवत राहिल्या.

आई भिंतीकडे वळल्या. "झाला?" म्हणाल्या. मी हो म्हटलं.

वृंदा म्हणते, उद्यापासून रोज दुपारी येत जाईन, तुम्ही निवांत शिवा. आई नाही म्हणाल्या नाहीत. मीपण नाही. तिचा ब्लाउज दिला. घट्ट झाला नाही, मेला चोख बसला.

मशीनवर बसले, पण दोरा ओवेना. मला तिच्या छापील नावाचा हेवा वाटतो असं समजत होते. नाव घेऊन जा म्हणावं. माझं ऐकणारं एकच माणूस होतं.

६ डिसेंबर

वृंदा वेळेवर आली. आई उठून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तू चांगली वाचतेस बाय. पन आता घरी जा." ती गेली. मग माझा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, "आनंदा कवाधरनं फाटकात उभा हाय गो. उन्हाचा. घे त्याला आत."