एकसष्ट काळोख्या फोटोंची हकिगत

ती. आत्याबाईंना,

जावयाचा एकहाती नमस्कार गोड मानून घ्या. दुसऱ्या हाताचं कोपर सुजलंय (खुलासा पुढे). तुमचे गुडघे काय म्हणतात? तुमची भाची कशी आहे, हे मी विचारत नाही. विचारायचं नाही, असं माझं माझ्याशी ठरलंय.

इकडे वादळातल्या दीपगृहाचे फोटो काढायला आलोय. ते जाड कागदावर मोठे छापून प्रदर्शनात लावायचेत. प्रदर्शनवाल्या बाईंना त्यात 'एकाकीपण' हवंय. म्हटलं, बाई, सध्या माझ्याकडे ते पोत्याने आहे! आठ दिवस वादळाची वाट पाहिली. ते आलं काल दुपारी, मी कपडे वाळत घातल्यावर. एक शर्ट समुद्रात गेला (तिने पसंत केलेला निळा. असो).

इथला दिवा फिरत फिरत दर बारा सेकंदांनी आपल्याकडे वळतो. अशा कामाला आजवर भाची शेजारी उभी राहून मोठ्याने आकडे मोजायची. ती "अकरा" म्हणाली की मी बटण दाबायचो. काल संध्याकाळी माझं मीच मोजायला लागलो. पण सातपर्यंत आलो की मागची खेप आठवायची. तेव्हा धो धो पावसात मी छत्री धरली होती कॅमेऱ्यावर, आणि ही शेजारी ओलीचिंब. वर "लेन्सवर शिंकू नकोस" असंही म्हणालो होतो. (मी गाढव आहे, हे तुम्ही लग्नाआधीच ओळखलं होतंत.) दुसऱ्या दिवशी ती चार दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे आली, त्याला आता दीड महिना झाला. तर हे सगळं आठवून होईपर्यंत दिवा पाठ फिरवून गेलेला असायचा. एकसष्ट फोटो काढले. सगळ्यांत दीपगृह आहे, उजेड एकातही नाही.

शेवटी दीपगृहाच्या रखवालदाराला माझी दया आली आणि तो मोजायला उभा राहिला. पण तो अकराला "हं, दाबा!" म्हणून खेकसायचा. "तसं नाही हो," म्हणत मी वळलो आणि शेवाळावरून घसरून थेट कोपरावर आपटलो.

करमत नाही, आत्याबाई. सकाळी सवयीने दोन कप चहा करतो आणि दोन्ही मीच पितो. पित्त झालंय.

तुमचा,
जावई

ता. क. हे पत्र भाचीच्या हाती पडू देऊ नका. माझीही काही इज्जत आहे.

आणखी ता. क. हे मात्र मोठ्याने वाचू नकोस. आत्याबाईंचे डोळे अधू झाल्यापासून त्यांची पत्रं तूच वाचून दाखवतेस, हे मला ठाऊक आहे. नाहीतर त्यांच्या गुडघ्यांसाठी एवढं कोण लिहितंय? चुकलं माझं. गुरुवारी न्यायला येतो. येशील ना? आत्याबाईंनी विचारलं, तर पत्र वरच संपलं म्हणून सांग.